सुई आणि भुजा : एक प्रस्तावना

ख्यालगायनाची एलपी तबकडी लावून जो रसिक स्वस्थचित्ताने ऐकावयास बसतो, त्याच्या पुढ्यात वीस-बावीस मिनिटे एक विलक्षण विसंगती उलगडत असते, आणि ती त्याच्या ध्यानी क्वचितच येते. विलंबिताची संथ बढत तबकडीच्या बाहेरच्या, ऐसपैस भागात कोरलेली असते. आणि गायक जसजसा द्रुताकडे वळतो, ताना जसजशा दाट होत जातात, तबल्याची लय जसजशी चढते, तसतशी सुई आतल्या, आखूड वर्तुळांत शिरत जाते. मिनिटास ३३⅓ फेरे हा तबकडीचा शिरस्ता शेवटपर्यंत बदलत नाही. परंतु बाहेरच्या कडेला, मध्यापासून सुमारे १४६ मिलिमीटरवर, सुईखालून सेकंदास ५१ सेंटीमीटर चर सरकून जातो, आणि अखेरीस, ६० मिलिमीटरवर, तोच वेग २१ सेंटीमीटरवर येऊन ठेपतो. जेथे सांगावयाचे सर्वांत अधिक, तेथेच लिहावयास जागा सर्वांत थोडी. दहा हजार हर्ट्झ कंप्रतेच्या एका स्वरांशाला बाहेर ५१ मायक्रोमीटर लांबी लाभते, आत त्याला २१ मायक्रोमीटरांत अंग चोरून बसावे लागते. आणि साध्या गोलाग्र सुईच्या टोकाची त्रिज्याच १८ मायक्रोमीटरच्या आसपास असते. अशा अडचणीच्या वाटेवरून जी सुई चालावयाची, तिला धरणारी भुजा तिच्या प्रकृतीची नसेल तर काय होते, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

तो मी माझ्याच संग्रहातील एका तबकडीवर शिकलो, आणि ते शिक्षण महाग पडले. आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात परदेशातून येणाऱ्या माझ्या मावसभावाने सामानात जपून एक कार्ट्रिज (सुई जिच्यात बसविलेली असते ती पेटिका) आणले होते : नाजूक, हलके, आणि एक ग्रॅमच्या भारावर वाजणारे म्हणून वाखाणलेले. माझ्या घरी जुन्या बाजारातून घेतलेली एक वजनदार भुजा होती. तिच्या टोकाला मी ते मोठ्या अपूर्वाईने बसविले. विलंबित उत्तम वाजले. द्रुतात मात्र गायिका तार षड्जावर गेली की स्वराच्या अंगाला काचेचा चुरा लागल्यासारखी खरखर येई, आणि ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरे तोंडातून थुंकल्यासारखी बाहेर पडत. मी प्रथम ध्वनिमुद्रकास दोष दिला, मग तबकडीच्या छपाईस, मग माझ्या ॲम्प्लिफायरला. आणि दोष नेमका कोठे हे शोधण्यासाठी त्या पावसाळ्यात तोच अखेरचा पाऊण इंच भाग पुनःपुन्हा वाजविला. पुढे एका स्नेह्याच्या हलक्या भुजेवर तेच कार्ट्रिज बसविले तेव्हा त्याने दुसऱ्या, निर्दोष तबकडीवरील तशाच ताना काचेसारख्या स्वच्छ वाचून दाखविल्या. माझी तबकडी मात्र त्यानंतर कोणत्याही सुईखाली त्याच जागी खरखरते. चराच्या भिंतीवर माझ्या अज्ञानाने जे कोरले ते आता मूळ गाण्याइतकेच कायमचे झाले आहे.

इंग्रजीत ज्याला मिसट्रॅकिंग म्हणतात, त्याला प्रस्तुत ग्रंथकर्त्याने ‘मार्गच्युती’ असा शब्द योजिला आहे, आणि तो मला यथार्थ वाटतो. स्टिरिओ तबकडीचा चर हा दोन भिंतींचा असतो, त्या उभ्या रेषेशी पंचेचाळीस-पंचेचाळीस अंशांनी कललेल्या असतात, आणि प्रत्येक भिंतीवर एकेका बाजूचा ध्वनी कोरलेला असतो. ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली मागितलेल्या पेटंटात ही कल्पना आहे, जरी बाजारात अशा तबकड्या येण्यास १९५८ साल उजाडावे लागले. सुईने दोन्ही भिंतींना सदैव टेकून असावे, हा सारा करार. ज्या क्षणी ती एका भिंतीपासून सुटते, त्या क्षणी तेवढ्यापुरता ध्वनी तिच्या हातून निसटतो. आणि पुढच्याच क्षणी ती परत येते ती टेकण्यासाठी नव्हे तर आदळण्यासाठी. हिरा कठीण, व्हिनाइल मऊ. या चकमकीचा निकाल आधीच ठरलेला असतो.

मार्गच्युतीची दोन भावंडे आहेत, आणि तिघांच्या चेहऱ्यांत इतके साम्य आहे की अनुभवी माणसेही एकीचा आळ दुसरीवर घेतात. पहिला कोनदोष : तबकडी कोरणारे यंत्र सरळ त्रिज्येवरून सरकते, आपली भुजा मात्र एका खिळ्याभोवती कंसात फिरते, म्हणून सुईचा कोन बहुतेक ठिकाणी थोडा चुकतो. दुसरा सुईच्या टोकाच्या जाडीचा दोष : आतल्या वर्तुळांतील बारीक वळणांत जाड टोक मावतच नाही, आणि त्यावर लंबगोल किंवा त्याहून सूक्ष्म घडणीची सुई हाच उपाय. या दोहोंमुळे ध्वनी मलिन होतो, पण सुई भिंत सोडीत नाही. मार्गच्युतीत ती सोडते. म्हणून पहिल्या दोहोंत रसिकाचे नुकसान होते, तिसरीत तबकडीचे.

आता मुख्य प्रश्न. कोणते कार्ट्रिज सर्वांत उत्तम, असे मला वारंवार विचारण्यात येते, आणि विचारणाऱ्याचा विरस करणे जिवावर येत असूनही मला सांगावे लागते की या प्रश्नाला उत्तर नाही. मिरजेच्या तंबोरे घडविणाऱ्या कारागिरांकडे बसून ज्याने जवारी लावताना पाहिली आहे, त्याला हे लवकर उमगेल. घोडीवर तारेखाली सरकवावयाचे सूत स्वतः चांगले किंवा वाईट नसते. तार किती जाडीची, घोडीचा उतार कसा, स्वर कोणता, या सर्वांशी त्याचा जो संबंध जुळतो त्यातून गुंजन जन्मते. कार्ट्रिजचेही तसेच आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात पाठविलेल्या सुवर्णलेपित तांब्याच्या तबकडीवर गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, हे मराठी रसिक अभिमानाने सांगतात. त्या तबकडीबरोबर एक कार्ट्रिज आणि सुई ठेविलेली आहे आणि सुई कोठे टेकावी याची आकृती वेष्टनावर कोरलेली आहे, हे मात्र थोड्यांस ठाऊक असते. नासाच्या वर्णनात निर्देश आहे तो कार्ट्रिज आणि सुई यांचा, भुजेचा नाही. मिनिटास १६⅔ फेऱ्यांची ती तबकडी ज्या कोणाच्या हाती पडेल त्याला केसरबाईंचा स्वर ऐकण्यापूर्वी भुजेचा बंदोबस्त स्वतः करावा लागणार, आणि ती भुजा त्या सुईला साजेशी करावी लागणार. त्याच्यापुढची अडचण आणि आपल्या घरच्या टर्नटेबलापुढची अडचण जातीने एकच आहे.

ती अडचण अशी. सुई ज्या बारीक दांड्याच्या टोकाला बसविलेली असते, तो दांडा कार्ट्रिजच्या आत रबरासारख्या एका लवचीक आधारावर तोललेला असतो. हा आधार म्हणजे स्प्रिंग. आणि त्या स्प्रिंगवर तोललेले ओझे म्हणजे कार्ट्रिजचे शरीर आणि भुजा मिळून होणारे वस्तुमान. जेथे स्प्रिंग आणि ओझे आले, तेथे त्यांची स्वतःची एक आवडती कंप्रता आली, जिच्यावर थोडक्या चेतावणीनेही ते जोमाने डोलू लागतात. तिला अनुस्पंदनाची कंप्रता म्हणतात. या कंप्रतेच्या वर भुजा स्थिर राहते आणि सुई एकटी हलते. संगीताचे वाचन होते ते येथे. तिच्या खाली भुजा सुईबरोबर वरखाली जाते. वाकड्या तबकडीचे चढउतार निमूटपणे ओलांडले जातात ते येथे. म्हणून ही सीमारेषा दोहोंच्या मधोमध पडावी, ही सारी तजवीज आहे. तबकडी ०.५६ हर्ट्झ गतीने फिरते, तिच्या पृष्ठाचे बाक आणि उंचवटे यांची धडपड मुख्यत्वे सहा-सात हर्ट्झच्या खाली चालते, आणि ऐकू येणारे संगीत वीस हर्ट्झच्या वर सुरू होते; यांच्या दरम्यान आठ ते बारा हर्ट्झ हा पट्टा मोकळा आहे, आणि तोच अनुस्पंदनाला बहाल करावयाचा.

ही कंप्रता काढण्याचा हिशेब शाळकरी मुलासही जमण्याजोगा आहे. भुजेचे परिणामी वस्तुमान, कार्ट्रिजचे वजन आणि स्क्रूंचे वजन यांची ग्रॅममध्ये बेरीज करावी. त्या बेरजेस लवचीकतेच्या अंकाने गुणावे. गुणाकाराचे वर्गमूळ काढावे. आणि १५९ ला त्या वर्गमुळाने भागावे. लवचीकतेचा अंक म्हणजे एका मिलिन्यूटन जोराने सुई किती मायक्रोमीटर सरकते तो. माझ्या त्या पावसाळ्यातील फिर्यादीचा फैसला या हिशेबाने एका मिनिटात झाला असता. कार्ट्रिज ६ ग्रॅम, लवचीकता ३०, स्क्रू १ ग्रॅम, आणि भुजा २५ ग्रॅमची धरा : बेरीज ३२, गुणाकार ९६०, वर्गमूळ ३१, आणि कंप्रता ५ हर्ट्झच्या जेमतेम वर. म्हणजे नेमकी त्याच पट्ट्यात जेथे तबकडीचे बाक राहतात. प्रत्येक बाकासरशी भुजा झुले. सुईवरचा भार कधी दुप्पट होई, कधी जवळजवळ नाहीसा होई. आणि ज्या क्षणी तो नाहीसा होई त्याच क्षणी द्रुत तान येऊन पडली की सुईने भिंत सोडलीच. बाहेरच्या विलंबितात हेच झुलणे चालू होते, परंतु तेथे चर ऐसपैस होता म्हणून ते निभावून गेले. तेच कार्ट्रिज ५ ग्रॅमच्या भुजेवर बसवा, गुणाकार ३६० आणि कंप्रता ८.४ हर्ट्झ येते. स्नेह्याच्या घरचा चमत्कार म्हणजे एवढाच.

याची उलट बाजूही आहे, आणि आजच्या वाचकाला तीच अधिक भेटेल. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी जपानच्या एनएचके या प्रसारणसंस्थेसाठी तयार झालेले डेनॉन डीएल-१०३ हे कार्ट्रिज आजही विकले जाते, आणि त्याची प्रकृती ताठ आहे : वजन ८.५ ग्रॅम, सुईवरचा भार २.५ ग्रॅम, लवचीकता छापील अंकाने ५. हे पिसासारख्या हलक्या भुजेला बांधले तर ताठ स्प्रिंगपुढे भुजेचे जडत्व अपुरे पडते. अनुस्पंदन वर चढून संगीताच्या उंबरठ्याशी येते. खर्जाच्या हिसक्यांनी सुईने हलावयाचे त्याऐवजी भुजाच हलते. अशा ताठ कार्ट्रिजला वजनदार भुजा हवी. ज्यांनी माझ्याप्रमाणे हलकेपणा हा भुजेचा निरपवाद गुण मानला आहे, त्यांना हे ऐकून आश्चर्य वाटेल. मला वाटले होते.

येथे एका सापळ्याविषयी सावध करणे मी माझे कर्तव्य समजतो, कारण त्यात मी अनेक सुबुद्ध माणसे पडलेली पाहिली आहेत. लवचीकतेचा अंक सर्व कारखानदार एकाच रीतीने मोजीत नाहीत. युरोपीय कारखानदार तो बहुधा १० हर्ट्झवर मोजतात, जपानी कारखानदार १०० हर्ट्झवर. आणि रबर हा पदार्थ असा की त्याला जितक्या त्वरेने हलवावे तितका तो ताठरतो, म्हणून शंभरावरचा अंक नेहमी लहान येतो. आपला हिशेब दहा हर्ट्झच्या आसपासचा असल्यामुळे जपानी अंकास दीडपट ते दुप्पट करून घ्यावे लागते. डीएल-१०३ चा छापील ५ तसाच घेऊन १२ ग्रॅमच्या भुजेबरोबर हिशेब मांडला तर उत्तर १५ हर्ट्झच्या वर येते, आणि मनुष्य घाबरून भुजेच्या टोकाला वजने चिकटवू लागतो. दुप्पट करून १० घेतला तर तेच उत्तर १०.८ येते, आणि काहीच करावे लागत नाही. त्यातही हा गुणक प्रत्येक रबरास वेगळा असतो, हे ग्रंथकर्त्याने स्पष्ट म्हटले आहे, आणि त्याच्या प्रामाणिकपणाची ही खूण आहे.

हिशेबातील दुसरा शब्द ‘परिणामी वस्तुमान’ हा. भुजा तराजूत घालून जे वजन भरेल ते हे नव्हे. भुजेचा प्रत्येक कण खिळ्यापासून किती दूर आहे, त्या अंतराच्या वर्गाने त्याचे जडत्व मोजले जाते. म्हणून सुईच्या टोकाशी असलेला एक ग्रॅम पुरता एक ग्रॅम भरतो आणि मागच्या बाजूचा जाडजूड लोखंडी प्रतिभार जवळजवळ काहीच भरत नाही. सुमारे २२९ मिलिमीटर लांबीच्या भुजेच्या मागे, खिळ्यापासून ३० मिलिमीटरवर १०० ग्रॅमचा प्रतिभार ठेविला तर त्याचा वाटा १.७ ग्रॅम होतो. तोच समतोल ६० ग्रॅमचा प्रतिभार ५० मिलिमीटरवर नेऊन साधला तर वाटा २.९ ग्रॅमवर जातो. जड वस्तू जवळ ठेवणे हे हलकी वस्तू दूर ठेवण्यापेक्षा येथे हलके पडते, या एका वाक्यात भुजा घडविणाऱ्यांच्या कलेचे अर्धे रहस्य आहे.

या सर्व प्रकरणाला इतिहासाची जी पार्श्वभूमी आहे तिचा ओझरता उल्लेख पुरे. चावीच्या ग्रामोफोनचा ध्वनिपेटीचा डोलारा शंभर ग्रॅमहून अधिक भाराने लाखेच्या तबकडीवर टेकत असे, पोलादी सुई एका बाजूस एक याप्रमाणे खर्ची पडे, आणि तबकडीच्या लाखेत मिसळलेली भुकटी त्या सुईलाच घासून चराचा आकार देई. १९४८ साली कोलंबियाने एलपी आणली आणि भार ग्रॅमांवर आला. इंग्लंडात एसएमई आणि अमेरिकेत शुअर या कारखानदारांनी पुढील काळात हलकेपणाची चढाओढ अशा थराला नेली की १९७३ च्या शुअर व्ही-१५ टाइप थ्री कार्ट्रिजला पाऊण ते सव्वा ग्रॅम पुरे होई, आणि एसएमईच्या थर्ड सीरिज भुजेचे परिणामी वस्तुमान पाच ग्रॅमच्या आसपास आले. त्याच काळी ऑर्टोफॉनचे १९५९ चे एसपीयू कार्ट्रिज आपल्या कवचासह तीस-एक ग्रॅम वजन घेऊन जड भुजांवर सुखाने नांदत होते. दोन्ही कुळे आपापल्या घरी निर्दोष आहेत. अनर्थ होतो तो सोयरीक न पाहता केलेल्या लग्नात, आणि आपल्याकडे ज्याला जे मिळाले ते त्याने बसविले अशीच बहुतेकांची स्थिती होती.

कोनाच्या गणिताबद्दल मी येथे विस्तार करीत नाही. पर्सी विल्सन यांनी १९२४ साली ‘द ग्रामोफोन’ मासिकात त्याला आरंभ केला, लॉफग्रेन यांनी १९३८ मध्ये आणि बेअरवॉल्ड यांनी १९४१ मध्ये ते पूर्णत्वास नेले, आणि आज कागदी मापकावर ६६ आणि १२०.९ मिलिमीटरचे जे दोन बिंदू छापलेले असतात ते त्याच परंपरेचे. पुस्तकातील चौथे प्रकरण वाचून कोणासही ते काम अर्ध्या तासात करता येईल. भुजेला वाकडे डोके दिल्यामुळे चराचे घर्षण तिला आत ओढते, त्यावर जो प्रतिकार योजावा लागतो त्याची एक खूण मात्र सांगतो : खरखर आधी उजव्या कर्ण्यातून येऊ लागली तर चराची बाहेरची भिंत सुटते आहे, आणि तो प्रतिकार (अँटीस्केटिंग) थोडा वाढविण्याची गरज आहे.

एका मुद्द्यावर माझा ग्रंथकर्त्याशी मतभेद आहे, आणि त्याच्या अनुज्ञेनेच तो येथे नोंदवितो. कारखानदाराने भाराची जी मर्यादा दिली असेल तिच्या खालच्या टोकाशी राहावे, म्हणजे तबकडी अधिक टिकेल, असे त्याचे मत आहे. माझे मत उलट आहे. पाव ग्रॅम अधिक भाराने भिंतीवर जो दाब वाढतो तो सुई सतत टेकलेली असल्यामुळे सर्वत्र सारखा पसरतो आणि व्हिनाइल तो सोसते; पाव ग्रॅम कमी भाराने सुई जेव्हा सुटते आणि आदळते तेव्हा तो आघात एका बिंदूवर पडतो, आणि तो व्हिनाइल सोसत नाही. मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात राहावे. आणि हिवाळ्यात पहाटे गारठलेल्या खोलीत रबर ताठरते हे ध्यानी घेऊन खोली उबदार होईतो थांबावे. संग्रहातील जी तबकडी पुन्हा कधी छापली जाणार नाही तिच्या बाबतीत तरी काटकसरीचा मोह टाळावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हिशेब झाला तरी डोळ्यांची साक्ष घ्यावीच. थोडी वाकलेली तबकडी लावून दिव्याच्या उजेडात सुईच्या दांड्याकडे पाहावे : बाक येतो तेव्हा कार्ट्रिजचे शरीर त्याच्याबरोबर उठून बसत असेल आणि दांड्याचा कोन बदलत नसेल, तर जुळणी ठीक, शरीर मागे राहून डोलत असेल आणि दांडा आतबाहेर होत असेल, तर नाही. कर्ण्याची मोठी पडदी आवाज नसतानाही धापा टाकल्यासारखी हलते, तीही तीच कैफियत सांगते. आणि चाचणीच्या तबकड्या मिळतात, ज्यांवर पंचवीस हर्ट्झपासून उतरत जाणारे कंप कोरलेले असतात. ज्या अंकाशी भुजा दृश्यपणे थरथरते तो त्या जोडीचा खरा अंक, मग कागद काहीही म्हणो.

हस्तलिखित परत पाठविताना मी एकच भर सुचविली होती, आणि ती कर्त्याने मान्य केली : अखेरच्या कोष्टकाखाली काही ओळी कोऱ्या ठेवाव्यात. पहिली मी माझ्या प्रतीत भरली आहे. भुजा १२, कार्ट्रिज ८.५, स्क्रू १, लवचीकता १०, कंप्रता १०.८, आणि शेजारी पेन्सिलीने, चाचणीच्या तबकडीवर डोळ्यांनी पाहिलेली : १०.